जलाशयाकाठचा कोळीवाडा : एका ग्रामेतिहासाची प्रस्तावना

कोकणपट्टीवरील एखाद्या कोळीवाड्याचा इतिहास लिहावयास बसलेल्या लेखकापाशी साधनांची वाण नसते. उत्तर कोकणापुरते बोलायचे तर राजवाड्यांनी १९२४ साली छापलेली महिकावतीची बखर त्याच्या हाताशी असते. वसईस आणि चौलास दोन शतकांहून अधिक काळ ठाण मांडून बसलेल्या फिरंग्यांचे दप्तर असते. आंग्र्यांच्या आरमाराची पत्रे असतात, जंजिऱ्याच्या सिद्दीशी झालेल्या झटापटींचे वृत्तांत असतात, आणि सर्वांच्या मागून आलेली परंतु कामास सर्वांहून अधिक येणारी अशी इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरे असतात. शिवाय गावाची स्वतःची आख्यायिका असतेच. मूळपुरुष कोणत्या बंदरावरून आला आणि देवीने त्याला कोणत्या खडकापाशी दृष्टांत दिला, हे सांगणारा एखादा वृद्ध तांडेल प्रत्येक कोळीवाड्यात सापडतो. ज्या वस्तीच्या इतिहासाची ही प्रस्तावना आहे तिच्यापाशी यांपैकी काहीही नाही. ती समुद्रापासून सह्याद्रीच्या मुख्य रांगेने तोडलेली आहे, समुद्रसपाटीहून सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे, आणि तिचा मूळपुरुष मासेमार नव्हता, भातशेती करणारा होता. तिच्या जन्माचा दाखला शोधावयाचा तर तो बखरीत नव्हे, १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये निघालेल्या जाहीर नोटिशीत शोधावा लागतो.

आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे येथे जे धरण बांधले गेले, त्याच्या फुगवट्याच्या काठाने पसरलेल्या वाड्यावस्त्यांविषयी हे लिहीत आहे. कोळीवाडा हा शब्द मी त्यांना हेतुतः लावीत असलो, तरी किनाऱ्यावर दिसतो तसा एकमेकांस खेटून बसलेल्या घरांचा पुंज येथे कोणी शोधू नये. एका डोंगराच्या सोंडेवर चार घरे, ओढ्यापलीकडच्या टेपावर सहा, अशी ही वस्ती आहे, आणि तिला एकत्र बांधणारे सूत्र गावठाणाचे नसून पाण्याचे आहे.

हा विषय माझ्यासारख्या आळेफाट्यावरच्या माणसाने का हाती घ्यावा, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की समुद्राचा आणि घाटमाथ्याचा संबंध जसा या नाक्यावर उभे राहिल्याने कळतो तसा तो जुन्नर-आंबेगावच्या मुलखात अन्यत्र क्वचितच कळेल. पुण्याहून नाशकास जाणारा रस्ता येथे कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यास छेदतो. कांद्याच्या लिलावासाठी आलेल्या गाड्यांची रांग, रेड्यामुखी वेद वदविल्याच्या कथेतील त्या रेड्याच्या समाधीसाठी आळे गावात जाणारे भाविक, मुंबईस परतणारे चाकरमाने, हे सारे या चौकात एकमेकांना ओलांडून जाते. आणि आसपासच्या आठवडे बाजारांत सुकट-बोंबिलाची पाटी लावून बसलेल्या बाईपुढे जी गर्दी होते ती पाहिली म्हणजे समुद्र येथून किती जवळ आहे आणि किती लांब आहे हे दोन्ही एकदम ध्यानात येते.

ही जवळीक फार जुनी आहे. माळशेजचा मोटररस्ता होण्यापूर्वी दोन सहस्र वर्षे कोकणातला माल नाणेघाटाने जुन्नरास चढत होता. त्या घाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहनांच्या राणीने, नागनिकेने, यज्ञांची आणि दानांची जी मोठी यादी कोरविली ती तिच्यातील अंकचिन्हांमुळे विद्वानांस विशेष परिचित आहे. आणि खिंडीच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता असे या भागात परंपरेने सांगतात. कल्याण आणि सोपारा ही बंदरे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात येतात, आणि त्या बंदरांवरून वर चढलेल्या यवनांची दाने जुन्नरच्या लेण्यांत कोरलेली आहेत. त्यांपैकी इरिल नावाच्या यवनाचे दान तर पाण्याच्या दोन टाक्यांचे आहे. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यानेही मानमोडीच्या डोंगरावर मंडपासमवेत पाण्याची पोढी, म्हणजे टाकेच, दिले. परदेशी व्यापाऱ्याने आणि परक्या राजाच्या कारभाऱ्यानेही या प्रदेशात पुण्य जोडावयाचे तर पाणी साठवून द्यावे, इतकी पाण्याची मातबरी येथे प्राचीन काळापासून होती. पाणी साठविण्यासाठी कोणाचे घर बुडवावे लागेल, ही कल्पना मात्र त्या दानपत्रांत कोठे आढळत नाही, कारण ती टाकी कातळात खोदलेली होती.

समुद्र असा घाट चढून येत असे तो गोणीत भरून येत असे: मिठाच्या, नारळाच्या, सुक्या मासळीच्या. त्याचा व्यवसाय वर कधी आला नाही. या ठिकाणी एका गैरसमजाचा निरास करणे अवश्य आहे, कारण तो लोकांत आहे आणि सरकारी कचेऱ्यांतही आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात राहणारे महादेव कोळी आणि किनाऱ्यावरचे सोनकोळी यांच्या नावांत साम्य आहे, एवढ्यावरून त्यांचा धंदाही एकच असावा असे मानण्याची चूक पुष्कळ शहाणी माणसे करतात. किनाऱ्यावरचा कोळी घाट चढतो तो कार्ल्याच्या एकवीरेच्या किंवा जेजुरीच्या खंडोबाच्या दर्शनासाठी. घाटावरचा कोळी उतरतो तो आहुप्याच्या किंवा नाणेघाटाच्या वाटेने बाजारासाठी. दोघांच्या संसाराची साधने निरनिराळी. कॅप्टन मॅकिंटॉश याने १८३० नंतरच्या दशकात महादेव कोळ्यांचे जे सविस्तर वर्णन लिहिले, त्यात बावन्न मावळांची व्यवस्था आहे, नाईक आणि सरनाईक आहेत, किल्ल्यांच्या पहाऱ्याची वतने आहेत, कुळांची आणि देवकांची मांडणी आहे. जाळे आणि होडी यांना त्या वर्णनात मोठेसे स्थान नाही. त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी, १९५७ मध्ये, डॉ. घुर्ये यांनी याच समाजावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हाही त्यांच्यासमोर होता तो डोंगरउतारावर वरई-नाचणी आणि खाचरांत भात पिकविणारा शेतकरीच. राघोजी भांगरे, ज्याला इंग्रजांनी १८४८ च्या मे महिन्यात ठाण्यास फाशी दिली, अथवा जांभोरीचा होनाजी केंगले, ज्याने १८७३ ते १८७६ या काळात सावकारांस जेरीस आणले, यांची बंडे जमिनीसाठी होती, सावकाराच्या वहीत अडकलेल्या जमिनीसाठी होती. जमीन जाणे म्हणजे काय याची आठवण या समाजात अशी पिढ्यांची आहे, आणि ती ध्यानात घेतल्यावाचून पुढचा भाग नीट समजणार नाही.

मासा त्यांना अपरिचित होता असे अर्थातच नव्हे. पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढ्यांना लाल पाणी आले म्हणजे चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध वर येऊ लागत, आणि मग गावातली पोरेटोरे, बायाबापड्या, रात्री बत्त्या घेऊन निघालेले गडी, सगळेच मासेमार होत. खाचराच्या बांधावरचे खेकडे, डोहातली मरळ आणि वाम, दगडाआडची बारीक मासळी, हा सारा घरच्या हंडीचा प्रपंच होता. कातकऱ्यांचे कौशल्य याहून पुष्कळ वरचे. नदीचा कोणता डोह कोणत्या महिन्यात काय देतो हे त्यांना पाठ असे. परंतु माशाचे मोल रुपयांत करावे आणि त्यावर घर चालवावे, ही गोष्ट घोड नदीच्या खोऱ्यात सहसा कोणाच्या मनात आली नव्हती. रोख पैसा हवा असल्यास तो बाळहिरड्याचा मिळे. हिरडा वेचून, वाळवून, बाजारात घालून मीठ-मिरची, कापडचोपड होई. भाताचे खाचर आणि हिरड्याचे झाड, या दोन खांबांवर संसार उभा असे.

त्या खोऱ्याच्या तळाशी आंबेगाव होते. तालुक्याला आज ज्याचे नाव आहे ते गाव तालुक्यात पूर्वीच्या जागी नाही, ही गोष्ट पुण्यामुंबईच्या वाचकांना विलक्षण वाटेल. इंग्रजी अमदानीत खेड तालुक्याचा आंबेगाव पेटा असे. कचेरी घोडेगावास होती आणि तालुक्याची आजही तेथेच आहे. आंबेगाव हे डोंगरी गावांचे बाजाराचे ठिकाण. तेथे वाण्यांची दुकाने होती, देवळे होती, सावकारी होती आणि सावकारीसोबत येणारे सगळे बरेवाईट होते. हा बाजार आता पाण्याखाली आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी फार उतरले की जुन्या बांधकामांचे अवशेष वर येतात, आणि ज्यांचे बालपण तेथे गेले ती वृद्ध माणसे काठावर उभी राहून नातवंडांना कोठे काय होते ते दाखवितात.

कुकडी प्रकल्प या नावाने जी योजना महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरच्या काळात आकारास आली तिच्यात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगा आणि डिंभे अशी पाच धरणे येतात. पहिली तीन १९७७ ते १९८४ या काळात पुरी झाली. डिंभ्याचे काम शतकाच्या अखेरपर्यंत रेंगाळले. साठवणीच्या दृष्टीने मात्र पाचांत ज्येष्ठ तेच: सुमारे १३.५ टीएमसी पाणी त्याच्या पोटात मावते. हे पाणी जाते कोठे, तर कालव्यांनी पूर्वेस. डिंभ्याचा डावा कालवा येडगावास येऊन मिळतो, आणि तेथून कुकडीचे पाणी पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळा अशा अवर्षणग्रस्त तालुक्यांत पोहोचते. नारायणगावची द्राक्षे आणि टोमॅटो, आमच्या आळेफाट्याचा कांदा, या संपत्तीचे मूळ शोधीत गेल्यास पावले पश्चिमेच्या या डोंगरांत येऊन थांबतात. मी याच लाभक्षेत्रात राहतो, त्याच पाण्याचा भाजीपाला खातो, आणि म्हणून या इतिहासाकडे तिऱ्हाईताच्या अलिप्ततेने पाहण्याचा अधिकार मला नाही.

धरण आणि विस्थापन हे नाते पुणे जिल्ह्याला नवे नव्हते. १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला आणि सेनापती बापट त्यात पडले, तेव्हापासून हा प्रश्न या जिल्ह्यात उभा आहे. १९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र कायदा केला; बुडणाऱ्यास लाभक्षेत्रात जमीन द्यावी हे त्यातील न्याय्य तत्त्व. परंतु कायद्यातील कलम आणि माणसाचे मन यांच्या मध्ये पुष्कळ काही असते. ज्याचे शेत बुडाले पण घर उरले, ज्याचे घर बुडाले पण वरकस उतार उरला, ज्याचे नाव सातबाऱ्यावर आजोबांच्या मृत्यूनंतर लागलेच नव्हते, ज्याला पूर्वेच्या काळ्या मातीत ऊसवाल्या शेजाऱ्यांच्या गावी जाऊन राहावेसे वाटेना, असे कित्येक जण काठावरच वर सरकले. पाणी चढत गेले तशी घरेही डोंगर चढत गेली. खाली भात पिकविलेला शेतकरी वरच्या खडकाळ उतारावर पडकई घालू लागला, म्हणजे दगडांची ताल रचून, मागे माती भरून, नव्याने खाचर घडवू लागला. हे काम एकट्याचे नव्हे. चार घरांनी मिळून आज एकाचे, उद्या दुसऱ्याचे असे ते करावयाचे असते, आणि विस्थापनाच्या काळात गावाचा गावपणा टिकला असेल तर तो बव्हंशी या पडकईच्या रिवाजाने टिकला असे माझे मत आहे.

एवढ्यावर पोट भरेना. आणि समोर तर अथांग पाणी, ज्याच्या तळाशी आपलीच खाचरे. त्या पाण्यात मासा आहे हे कळावयास वेळ लागला नाही. तो धरावयाचा कसा हे कळावयास लागला. कमरेइतक्या डोहात हात घालून मासा पकडणाऱ्याला पुरुषभर, दहा पुरुष खोल पाणी हे सर्वस्वी नवे जग होते. पोहणेसुद्धा सर्वांना येत होते असे नाही. होडी बांधणारा सुतार नाही, जाळे विणणारा हात नाही, वाऱ्याची दिशा सांगणारा तांडेल नाही. किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या मुलाला जे बाराव्या वर्षी येते ते येथे चाळिशीच्या माणसाने शिकावयाचे होते. ट्रकच्या चाकातील हवा भरलेल्या ट्यूबवर पाय सोडून बसायचे, हातांनी पाणी मारीत पुढे जायचे, आणि तंगुसाचे जाळे सायंकाळी सोडून पहाटे उचलायचे, अशी येथील दर्यावर्दीपणाची पहिली यत्ता होती. तिच्याविषयी हसू यावे असे तिच्यात काही नाही. समुद्रावरच्या पहिल्या माणसानेही बहुधा एखाद्या ओंडक्यावर बसूनच सुरुवात केली असेल. आम्हांला त्याची हकिकत ठाऊक नाही, आणि येथील पहिल्या माणसांपैकी कित्येक अजून हयात आहेत, इतकाच काय तो भेद.

गंमत अशी, की ज्या माशांवर हा नवा धंदा उभा राहिला ते मासेही घोड नदीचे मूळचे रहिवासी नव्हेत. जलाशयात जे बीज सोडतात ते कटला, रोहू आणि मृगळ यांचे, आणि हे तिन्ही गंगेच्या खोऱ्यातले. साचलेल्या पाण्यात ते आपणहून अंडी घालीत नाहीत. हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञाने १० जुलै १९५७ रोजी ओरिसात पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचे प्रजनन घडविले, तेव्हापासून देशभरच्या धरणांत हे बीज पोहोचविणे शक्य झाले. बाहेरून आणलेला मासा, धरणाने अडविलेले पाणी आणि नव्यानेच मासेमार झालेला माणूस, असे हे तिघे एका ठिकाणी आले.

आणि चौथा आला तो ठेका. सामान्यतः कोणत्याही मोठ्या जलाशयात मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय खाते ठरावीक मुदतीसाठी ठेक्याने देते. सहकारी संस्थांना त्यात प्राधान्य असावे असे धोरण असले, तरी संस्था कोणाची आणि तिच्या नावाआड उभा कोण, हा प्रश्न राहतोच. आणि ज्याची जमीन तळाशी आहे त्याने काठावरून जाळे टाकले तर ती चोरी ठरावी, असा प्रसंग देशातील कित्येक धरणांवर आलेला आहे. मध्य प्रदेशात तत्कालीन होशंगाबाद जिल्ह्यातील तवा धरणावर विस्थापित आदिवासींनी दीर्घ लढ्याअंती १९९६ मध्ये ठेका आपल्या हाती घेतला, तवा मत्स्य संघ काढला, दहा वर्षे तो नेटाने चालविला, आणि २००६ च्या अखेरीस मुदत संपल्यावर तो हक्क पुन्हा त्यांच्या हातून गेला. डिंभ्याच्या काठावर असा हक्क मिळविण्याचे काम ‘शाश्वत’ या संस्थेच्या साहाय्याने झाले. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक या कार्यकर्त्यांनी आदिवासींबरोबर राहून पडकईला रोजगार हमीत स्थान मिळावे म्हणून जसा पाठपुरावा केला, तसाच मासेमारीचा हक्क बुडितांच्या सहकारी संस्थेस मिळावा म्हणूनही केला. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतील तज्ज्ञांनी येथे तरंगत्या पिंजऱ्यांत मत्स्यबीज वाढविण्याचे प्रयोग केले. बोटाएवढे होईपर्यंत ते पिंजऱ्यात सांभाळायचे आणि मग जलाशयात सोडायचे, म्हणजे मोठ्या माशांच्या तोंडी कमी पडते. हा भाग मी येथे थोडक्यात सांगतो, कारण पुढील प्रकरणांत तो ज्यांनी केला त्यांच्याच तोंडून यावयाचा आहे.

आता ज्या गोष्टीवर मला थोडे रेंगाळावयाचे आहे ती भरती-ओहोटीची. समुद्रावरच्या मासेमाराचे जीवन चंद्राने बांधलेले असते. दिवसातून दोनदा पाणी चढते, दोनदा उतरते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. पावसाळ्यात जून-जुलैची बंदी आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा समुद्रात नाव. या क्रमात माणसाचा हात कोठेही नाही, आणि म्हणूनच त्यात देव आहे, नारळ आहे, उत्सव आहे. डिंभ्याच्या जलाशयालाही भरती-ओहोटी आहे, परंतु ती वर्षातून एकदा. पावसाळ्यात घोडेचे लोंढे येऊन पाणी चढते आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ते उतरत जाते. हे उतरणे चंद्राच्या स्वाधीन नाही, ते आवर्तनाच्या स्वाधीन आहे. कालव्याला आवर्तन कधी सोडायचे आणि किती दिवस चालवायचे याचा निर्णय कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत होतो. तेथे पूर्वेचे तालुके आपापल्या उभ्या पिकांचा हवाला देऊन भांडतात. आणि त्या भांडणाच्या निकालाप्रमाणे काठावरच्या मासेमाराचे पाणी एका आठवड्यात कित्येक हात खाली जाते. होडी चिखलात रुतते, जाळ्याची जागा बदलते, घरापासून पाण्यापर्यंतची वाट लांबते. पाणी आटले म्हणजे मासा थोड्या जागेत गोळा होतो आणि काही दिवस जाळी भरून येतात, हेही खरे. पण ती सुगी पुढच्या वर्षाचे बी खाऊन केलेली असते हे अनुभवी माणूस जाणून असतो.

उतरत्या पाण्यामागे जो गाळ उघडा पडतो त्यावर गाळपेर करतात. आपल्याच वडिलांच्या शेतावर, एका हंगामापुरते, खात्याची परवानगी घेऊन पेरावयाचे आणि पाणी परत येण्याआधी उचलावयाचे! कोणत्याही किनाऱ्यावरच्या कोळ्याला समुद्राने आपल्या आजोबांचा बांध असा दरसाल दाखवून परत झाकलेला नाही.

या जलाशयाच्या मालकीचा विचार केला म्हणजे मती गुंग होते. पाणी पाटबंधारे खात्याचे. त्यातील मासा मत्स्यव्यवसाय खात्याचा. बुडालेली जमीन प्रकल्पाची. वरचे रान वन खात्याचे, आणि १९८५ पासून त्याचा मोठा भाग भीमाशंकर अभयारण्यात, जेथे शेकरूला माणसाहून स्पष्ट हक्क आहेत. (शेकरूविषयी माझ्या मनात किल्मिष नाही, ते राज्याचे मानचिन्ह आहे आणि त्या रानाची शोभाही.) किनाऱ्यावरच्या मासेमारालाही १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याने परवाना घ्यावा लागतो, ट्रॉलरवाल्यांशी झगडावे लागते, बंदरे आणि कारखाने त्याच्या वाळवणाच्या जागा गिळतात, हे सर्व मान्य, तथापि समुद्राचा लिलाव अद्याप कोणी पुकारलेला नाही. जलाशयाचा पुकारता येतो. मासेमार गावाचा इतिहास म्हणजे त्याच्या पाण्यावरील हक्काचा इतिहास, असे मी मानतो, आणि त्या कसोटीने पाहता चाळीस वर्षेदेखील न भरलेला हा इतिहास चारशे वर्षांच्या पुष्कळ कोळीवाड्यांहून अधिक शिकविणारा आहे. अन्यत्र रूढीच्या थरांखाली जे दडून गेले ते येथे उघडे आहे: हक्क कसा उत्पन्न होतो, कोण तो देतो, कोण नाकारतो आणि कशाच्या बळावर माणसे तो मागतात.

फुलवडे, बोरघर, आसाणे, अडिवरे, माळीण ही या परिसरातील नावे बाहेरच्या जगाने बहुधा ऐकलीही नसती. त्यांतील एक देशाने ऐकले ते ३० जुलै २०१४ च्या पहाटे, माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली तेव्हा. त्या दुर्घटनेच्या कारणांची चर्चा पुष्कळ झाली आणि ती येथे उगाळणार नाही. एवढेच नमूद करतो, की चार दिवस वर्तमानपत्रांतून गाजल्यानंतर हा मुलूख पुन्हा विस्मृतीत गेला, आणि ज्या प्रदेशाची नोंद केवळ आपत्तीच्या वेळी होते त्याचा इतिहास लिहिण्याची जबाबदारी शेजाऱ्यांवर येते.

या इतिहासाची पद्धती काही ठिकाणी विद्वानांस रुचणार नाही. येथे शिलालेख नाहीत. आहेत ते भूसंपादनाचे निवाडे, संकलन रजिस्टरे, फेरफाराच्या नोंदी, सहकारी संस्थेची ठरावबुके आणि माणसांची तोंडी साक्ष. तोंडी साक्षीत वर्षे मागेपुढे होतात. पाणी पहिल्यांदा अमुक देवळाच्या पायरीला कधी लागले, हे एक जण मुलीच्या लग्नावरून सांगतो आणि दुसरा बैल मेल्यावरून. अशा ठिकाणी कागदाशी ताळा जमला तर वर्ष द्यावे, न जमल्यास लग्न आणि बैल हेच द्यावेत, असा दंडक ठेवला आहे. आणि माझ्या मते बैलाची नोंद सनावळीहून कमी प्रतीची नाही. स्त्रियांची साक्ष स्वतंत्र घेतली पाहिजे, कारण निवाड्याच्या कागदांवर नावे पुरुषांची असली तरी पाणवठा, सरपण आणि हिरड्याची वाट बदलली ती बायकांची. कातकरी कुटुंबांचीही स्वतंत्र घेतली पाहिजे. ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्यांची नोंद बुडितांच्या यादीत होणे कठीण, आणि नदीचे खरे जाणकार तर तेच होते.

आम्हां पूर्वेकडच्या वाचकांस एक विनंती करून ही प्रस्तावना पुरी करतो. जुन्या आंबेगावच्या बाजारात ज्यांच्या वडील-आजोबांची दुकाने होती अशी कुटुंबे आज घोडेगाव, मंचर, नारायणगाव, जुन्नर, आळेफाटा आणि पुणे येथे आहेत. त्यांच्या माळ्यावर त्या पेठेतील खतावण्या, रोजमेळ, गहाणखते, हिरड्याच्या खरेदीच्या चोपड्या आणि एखाददुसरे छायाचित्र पडून असण्याचा संभव फार मोठा आहे. वाळवी लागलेला असला तरी तो कागद रद्दीत घालू नये. ज्यांच्या सातबाऱ्यांवर बुडीत असा शेरा आहे त्यांनी त्याच्या प्रती काढून ठेवाव्यात. आणि ज्यांना ते गाव पाण्याआधी पाहिल्याचे आठवते त्यांनी, अक्षर चांगले नाही म्हणून संकोच न करता, नातवाच्या हातून का होईना, चार पाने लिहवून पाठवावीत. ती पुढील आवृत्तीत त्यांच्या नावानिशी समाविष्ट केली जातील.